बर्फाखालचे खाचर

निइगाता जिल्हा, जपान
१४ डिसेंबर १९५८

दादा,

तुला नमस्कार, आईला नमस्कार, आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या तुळसावहिनीलाही नमस्कार. शाळेत शिकवलेला लांबलचक मायना घालत बसलो तर हवाई पत्राचा निम्मा कागद त्यातच जाईल, म्हणून सरळ बोलायला लागतो. वहिनी बिरवाडीच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली हे आपल्या घरावर मोठे उपकार झाले. नाहीतर माझे पत्र घेऊन तुला वाचणारा शोधत फिरावे लागले असते, आणि तू काही फिरला नसतास. वहिनी, अक्षर लागणार नाही तिथे अडू नकोस, मनाचे घालून पुढे जा.

तर मी सुखरूप पोचलो. बोटीने एकवीस दिवस लागले. पहिले चार दिवस पोटात पाणीसुद्धा ठरेना. मग सवय झाली आणि मी सगळ्यांच्या वाटचे जेवू लागलो. आम्ही जपानी भातशेती शिकायला निवडलेले बारा शेतकरी. सहा आठवडे टोकियोत बसवून आम्हाला इथली भाषा शिकवली. मला त्यातले 'भूक लागली', 'पुरे' आणि 'आभारी आहे' एवढे नीट येते, आणि आतापर्यंत चौथ्या शब्दाची गरज पडलेली नाही.

आता आम्हाला खेड्याखेड्यांतून वाटून दिले आहे. माझ्या गावात आम्ही तिघे. एक लुधियानाचा गुरदितसिंग, सहा फूट उंच, इथल्या प्रत्येक दारात त्याचे डोके आपटते. दुसरा तंजावरचा नटेसन, बारीक, चष्मेवाला, सगळे वहीत लिहून घेणारा. भाषा त्याने एकट्यानेच खरी उचलली. इथला माणूस बोलतो, नटेसन ते त्याच्या मोडक्या हिंदीत सांगतो, आणि मी आपल्या मराठीत समजून घेतो. या प्रवासात निम्मा अर्थ सांडत असणार, पण उरतो तेवढ्यातही पोट भरते.

माझ्या घरधन्याचे नाव होशिनो. नावापुढे सान लावायचे, आपण राव लावतो तसे. वय बासष्ट. माणूस बुटका, बोलणे कमी, पण हात बघावेत. तू ओळखले असतेस, शेतावर झिजलेले हात कुठल्याही देशात सारखेच. दोघे नवराबायको राहतात आणि मला पोटच्या पोरासारखे वागवतात.

इथले लोक पेंढ्याचे काय करतात ते सांगितले तर खोटे वाटेल. आपण गुरांना घालतो, घर शाकारतो, संपले. इथे पेंढ्याचे दोर, पेंढ्याची चटई, पेंढ्याचे बूट! अंगावर घ्यायला पेंढ्याचे इरले. थंडीत कामे नसतात तेव्हा म्हातारा दिवसभर पेंढा वळत बसतो. एक काडी भिजू देत नाही. पेंढा बघितला की मला मधेच भलते काहीतरी आठवते, पण ते राहू दे.

कापणीच्या ऐन तोंडावर मी निघून आलो, सगळे तुझ्या एकट्याच्या अंगावर पडले असेल. पोलादपूरच्या थांब्यावर मला पोचवायला निम्मे गाव आले होते. तू गवत कापायला गेला होतास म्हणे. बरोबर आहे, गवत काही माझ्या एस.टी.साठी थांबणार नव्हते.

उत्तर पाठव. चार ओळी चालतील.

तुझा धाकटा,
सहदेव

*

निइगाता
१८ जानेवारी १९५९

दादा,

महिना झाला, उत्तर नाही. टपाल बोटीने फिरत असेल असे मी धरून चालतो. वहिनी, तू त्याला पत्र वाचून दाखवतेस ना? की त्याने फडताळावर ठेवून दिले?

संक्रांत होऊन गेली. आईने तीळगूळ केला असेल. मी इथे गुरदितसिंगला बळेच साखर खायला लावली आणि गोड बोल म्हणून सांगितले. तो म्हणाला, मी गोडच बोलतो, फक्त मोठ्याने बोलतो.

बर्फाचे काय सांगू? आईला वाटत असेल बर्फ म्हणजे महाडच्या सरबतवाल्याकडचा, भुशात गुंडाळलेला. तसला नव्हे. आकाशातून कापूस पिंजल्यासारखा पडतो, आवाज नाही काही नाही, आणि सकाळी दार उघडावे तर दारच उघडत नाही. घराच्या छपरावर साचला तर वजनाने घर मोडेल, म्हणून म्हातारा छपरावर चढून फावड्याने खाली लोटतो. बासष्ट वर्षांचा माणूस! मी वर चढलो आणि पहिल्याच दिवशी बर्फाबरोबर मीही खाली आलो. म्हातारी हसून हसून खाली बसली. मग तिने मला गरम काढा दिला आणि ओले मोजे विस्तवाशी वाळत घातले. इतकी प्रेमाची माणसे मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आता शेतीचे. होशिनोने मला शाळेतल्या फळ्यावर काढावे तसे जमिनीवर राखेत चित्र काढून दाखवले. ऐन हंगामात, पीक हिरवेगार उभे असताना, ही माणसे खाचरातले सगळे पाणी काढून टाकतात. जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत पाच-सहा दिवस कोरडे ठेवतात. त्याने मुळे पाण्याच्या ओढीने खाली जातात, बुंधा टणक होतो आणि पुढे वाऱ्यापावसात भात झोपत नाही.

हे ऐकले आणि मला तू आठवलास. दादा, परवाच्या साली श्रावणात उघडीप पडली तेव्हा तू वरच्या खाचराचा बांध फोडून पाणी सोडून दिले होतेस. मी बांधावर उभा राहून तुला हसलो होतो. लोक पाण्यासाठी देव पाण्यात ठेवतात आणि आमचे दादा पाणी फुकट घालवतात, असे काहीतरी बोललो होतो. तू म्हणालास, "जमिनीला जरा श्वास घेऊ दे रे." तुला हे कोणी शिकवले? तू तर कधी पोलादपूरच्या पलीकडे शेती बघायला गेला नाहीस.

इथे मला सगळे 'बक्षीसवाला' म्हणतात. आमच्या कागदांत तसे लिहिले आहे, महाड तालुक्यात भाताच्या स्पर्धेत पहिला. नटेसन वही घेऊन मागे लागतो, किती खत घातले, कधी घातले, रोपे किती दिवसांची. मी सांगतो काहीतरी. वहिनी, ही शेवटची ओळ मोठ्याने वाचली नाहीस तरी चालेल.

सहदेव

*

निइगाता
२२ फेब्रुवारी १९५९

दादा,

आजचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आधी सगळा दिवस सांगतो, मग त्याच्यापुढचे सांगतो. या वेळी हवाई पत्र घेतलेले नाही, जाड पाकीट घेतले आहे. त्याचे कारणही शेवटी कळेल.

इथे एक रीत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीला बर्फ पडायचे थांबते. दिवसा वरचा थर जरा विरघळतो आणि रात्रीच्या गारठ्याने पुन्हा गोठून दगडासारखा होतो. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत त्याच्यावरून बैल चालवला तरी पाय रुतत नाही. खाली पाच फूट बर्फ, त्याच्या खाली शेते, ओढे, कुंपणे सगळे बुडालेले. वरून नुसते एकसलग पांढरे रान. तेवढ्या तीन-चार तासांत ही माणसे वर्षाचे शेणखत बिनचाकाच्या लाकडी गाडीवर भरतात आणि ओढत शेतावर नेऊन बर्फावरच ढीग घालून ठेवतात. पुढे बर्फ वितळला की खत आपोआप ज्याच्या त्याच्या खाचरात उतरते. पाट्या वाहायला नकोत, बांध ओलांडायला नकोत. आपण उन्हाळ्यात डोक्यावरून खत वाहतो तेव्हा आईची मान कशी अवघडते ते आठवले आणि मनात म्हटले, धन्य रे बाबांनो!

आम्हा तिघा मित्रांना आज मदतीला बोलावले होते. आम्ही निघालो तेव्हा पूर्वेला नुकते तांबडे फुटत होते. पायात पेंढ्याचे बूट, डोक्याला फडकी. गुरदितच्या मापाचे बूट गावात नव्हते म्हणून म्हातारीने आठवडाभर बसून मुद्दाम वळले होते. सूर्य वर आला आणि दादा, काय ते रूप! डोंगरापासून डोंगरापर्यंत पांढरे, त्याच्यावर गुलाबी ऊन, आणि लांबवर सगळीकडे माणसांच्या गाड्या मुंग्यांसारख्या चाललेल्या. शेणाचा वास सोडला तर स्वर्गच. वास मात्र आपल्या कापडे गावच्या उकिरड्याचाच, त्यात काडीचा फरक नाही. मला तर त्या वासाने घरी गेल्यासारखे वाटले.

पहिली खेप होशिनोने स्वतः आमच्याबरोबर आणून जागा दाखवली. मग तो आणि नटेसन घरी ढिगावर गाड्या भरायला थांबले आणि मी व गुरदित ओढायला लागलो. खाली उतार आला की गुरदित गाडीवर बसायचा आणि बोंब मारत घसरत जायचा. मीही बसलो. एकदा दोघे मिळून उलटलो आणि खतात पडलो. बत्तीस वर्षांचा घोडा झालो तरी इतका मी कधी हसलो नव्हतो.

आठ वाजता म्हातारा आणि नटेसन न्याहारी घेऊन वाटेत भेटले. बर्फावर पेंढ्याची चटई टाकून बसलो. भाताचे मुटके, आत खारवलेले आंबट फळ, वरून निखाऱ्यावर भाजलेले. आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीनंतर मला आवडलेली ही पहिली वस्तू. तिथे होशिनोने नटेसनकरवी मला विचारले, "तुझ्या बक्षिसाच्या वर्षी तुमच्याकडे कापणीआधी वादळी पाऊस झाला असे कागदात आहे. सगळ्यांचे भात झोपले. तुझे उभे राहिले. कसे?"

किती साधा प्रश्न. शेतकरी शेतकऱ्याला विचारतो तसा. तो घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, देवाची कृपा. नटेसनने ते सांगितले. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तो खाऊ लागला. त्याला ते पटले नाही हे मला कळले, आणि उरलेला मुटका गुरदितला देऊन मी उठलो.

न्याहारीनंतर होशिनोच्या दुसऱ्या शेताची पाळी होती आणि आम्ही आणखी जोरात ओढायला लागलो. मला ते बोलणे विसरायचे होते. होशिनोने या शेताची खूण सांगितली होती ती अशी, की देवळाजवळचे उंच झाड आणि शाळेची धुराची चिमणी एका रेषेत आली की थांबायचे. पण मी पडलो डोंगरातला माणूस. आपल्याकडे झाडावरून कोण शेत ओळखतो? वरून खाचरे मोजायची. पहिले, दुसरे, तिसरे. इथेही बर्फात पायऱ्यांसारखे पुसट उंचवटे दिसत होते. होशिनोचे शेत वरून तिसरे हे मला माहीत होते, म्हणून तिसरे मोजले आणि गुरदितला म्हणालो, चल, मला विचार. पंजाबात सगळी सपाट जमीन, त्या बिचाऱ्याला मोजायचे काय माहीत? तो आला मागे. वाऱ्याने बर्फ लोटून मधली एक पायरी बुजवली होती हे मला कसे कळावे? आम्ही अठरा खेपा टाकल्या. छान ओळीत, एकसारख्या अंतरावर, मला माझ्याच कामाचे कौतुक वाटेल अशा.

दहाच्या सुमाराला म्हातारा नटेसनबरोबर शेवटची गाडी घेऊन स्वतः आला. उभा राहिला. देवळाच्या झाडाकडे बघितले, चिमणीकडे बघितले. मग आमच्या ढिगांकडे बघितले. ते शेत कुवाबारा नावाच्या शेजाऱ्याचे होते.

मला वाटले आता शिव्या. आपल्याकडे शिव्याच मिळाल्या असत्या, वर्षाचे खत दुसऱ्याच्या शेतात! मी आणि गुरदित परत भरायला धावलो, पण ऊन वर आले होते, बर्फ मऊ झाला होता, दोन पावलांत मांडीपर्यंत आत गेलो. काही करता येण्यासारखे नव्हते.

म्हाताऱ्याने आम्हाला हातानेच थांबवले. डोक्याचे फडके सोडले, घडी करून खिशात घातले आणि रुतत रुतत शेजाऱ्याच्या घराकडे गेला. अर्ध्या तासाने कुवाबाराला घेऊन आला. तोही साठीचा. आणि दादा, तिथे त्या ढिगांसमोर उभे राहून होशिनोने त्याच्यापुढे कमरेत वाकून मान खाली घातली. एकदा नाही, तीनदा. मी नटेसनला विचारले, काय म्हणतो? नटेसन म्हणाला, "माफी माँगता है. बोलता है, तुमसे पूछे बिना तुम्हारे खेत में हाथ डाला."

गुरदित म्हणाला, "ओए, खाद भी इसने दी और माफी भी यही माँगे?"

परत येताना मी नटेसनला म्हाताऱ्याला हेच विचारायला लावले. त्याने जे उत्तर दिले ते मी नटेसनकडून दोनदा वदवून घेतले. तो म्हणाला, "त्याच्या शेताला किती खत लागते ते त्याला माहीत. जास्त झाले तर त्याचे भात झोपेल. आणि नाही झोपले, चांगले आले, तरी ते त्याचे राहणार नाही. वर्षभर ज्याने ते शेत बघितले त्याला न विचारता मी त्यात हात घातला. चांगले केले की वाईट, हा प्रश्न नंतरचा."

 आज इथेच थांबतो. उद्या लिहितो.

*

२३ फेब्रुवारी, सकाळ

आज उजाडताच कुवाबारा आणि त्याची बायको स्वतःची गाडी घेऊन आले आणि होशिनोच्या खाचरात खत टाकून गेले. अकरा खेपा झाल्या. त्यांच्याकडे गुरे कमी. उरलेल्या सात खेपा आपल्याकडून होत नाहीत म्हणून त्या दोघांनी वाकून माफी मागितली आणि लोणच्याची बरणी दिली. होशिनोने पुन्हा माफी मागितली. असे बराच वेळ चालले. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला रडू आले. म्हातारीला वाटले थंडीने डोळे चुरचुरतात, तिने मला आत ओढले.

वहिनी, आता पुढचे मोठ्याने वाच. एक अक्षर गाळू नकोस. आईलाही जवळ बसव.

दादा, बक्षीस तुझ्या शेताचे आहे. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण मी ते तोंडाने कधी म्हटले नाही. माझ्या खालच्या खाचरात मी साहेबांनी सांगितल्याच्या दुप्पट सल्फेट खत ओतले. दुप्पट घातले तर दुप्पट येईल असा माझा शहाणपणा. भात छातीएवढे वाढले आणि पहिल्या वादळात सगळे आडवे झाले. वरचे तुझे खाचर ताठ उभे. दुसऱ्या दिवशी स्पर्धेची कमिटी येणार. मी म्हटले, एकाच घरची जमीन, वाटण्या कुठे झाल्यात? तू बैल घेऊन महाडच्या बाजाराला गेला होतास. स्पर्धेची, माझ्या नावाची फळी मी माझ्या बांधावरून उपटली आणि तुझ्या बांधावर रोवली. कमिटीने मधला चौरस मोजला, कापला, झोडला, वजन केले आणि माझ्या गळ्यात हार घातला. अर्जात मी लिहिले होते की रोपे गादीवाफ्यावर केली. तुझी रोपे आपल्या जुन्या, पाला जाळून केलेल्या राबावरची होती. तू माझे बघून दोर लावून ओळीत लावणी केलीस, पण राब सोडला नाहीस, खत बेताने घातलेस, मधे पाणी काढलेस. तू माझे नवे बघून घेतलेस आणि तुझे जुने टाकले नाहीस. मी नुसतीच फळी लावली.

संध्याकाळी तू परत आलास. कापलेला चौरस बघितलास. पाऊस शिंतडून गेला होता. तू मला एवढेच म्हणालास, "कापलंस तर पेंढा तरी उचलायचा व्हतास. भिजला." त्यानंतर तू माझ्याशी कामापुरतेच बोलतोस. मला वाटायचे, एकदा शिव्या दे, एकदा थोबाडीत मार आणि संपव. तू तेही केले नाहीस. मग मी मनाशी ठरवून टाकले की तू माझ्यावर जळतोस. जपानला निघालो तेव्हाही मी असेच मानत होतो.

दादा, मला माफ कर. मी तुला न विचारता तुझ्या शेतात हात घातला.

परत आल्यावर मी महाड-पोलादपूरच्या गावागावांत फिरून भातशेती शिकवायची असे साहेबांनी ठरवले आहे. मी काय शिकवणार? म्हणून मी विकास-ब्लॉकच्या साहेबांना खरे काय ते लिहिले आहे. ते पत्र याच पाकिटात, न चिकटवता घातले आहे. बक्षीस माझ्या थोरल्या भावाचे, मालोजीचे, निवड त्याची व्हायला हवी होती, अर्ज खोटा, असे स्पष्ट लिहिले आहे. कदाचित मला अर्ध्यावरून परत बोलावतील. तालुक्यात छी-थू होईल, आईला चार बायका टोचून बोलतील. म्हणून निकाल तुझ्यावर सोडतो. पटले तर ते पत्र टपालात टाक. घराची अब्रू मोठी वाटली तर चुलीत घाल. तू म्हणशील ते मला मान्य आहे.

तुझा,
सहदेव

*

कापडे
१७ मार्च १९५९

सहदेव भाऊजींस तुळसाचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. सासूबाई बऱ्या आहेत. हे सांगतील ते सांगतील तसंच लिहिते आहे, माझं काही घालत नाही. मधे मधे हे थांबतात तिथे मीपण थांबते.

सादेवा,

तुजं पत्र तुळसानं दोन वेळा वाचलं. दुसऱ्यांदा आयेनं वाचायला लावलं. तुजी आधीची पत्रंबी वाचली हाईत, फडताळाव ठेवली नाय.

सायबाचं पत्र परत पाठवतोय. मी ते टाकणार नाय नि चुलीतबी घालणार नाय. तू लिव्हलंस, तू टाक. ते माज्या हातात कशाला देतोस? आपलं काम माज्याकडनं करून घ्यायची तुजी खोड अजून गेली नाय रे. (हे म्हणताना हसले. पुष्कळ दिवसांनी.)

लोक बोलतील ते बोलू देत. आये म्हणते, मला टोचणाऱ्या बायकांना मी बगून घेईन.

राबात जाळायला झाडांचा कवळ तोडून झाला. वाल बरा आला. बैल अजून लंगडतोय. त्यावरनं एक सांगायचं व्हतं ते सांगतो.

कमिटी आली त्या दिशी मी म्हाडला पोचलोच नाय. अर्ध्या वाटेत बैल लंगडला म्हणून मागं फिरलो. वरच्या रानात त्याला सावलीला बसवला नि खाली बगितलं. तू फळी उपटत व्हतास. ती घेऊन वर आलास नि माज्या बांधावर दगडानं ठोकलीस. समदं दिसलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती तुला. नाय मारली. तुजं भात झोपलेलं, पाव्हणे दारात आलेले. म्हटलं, चार लोकांत पोराची मान खाली नको जायला. नाव कोनाचंबी लागू दे. मला ते खाचर तुज्यापरीस जास्त नव्हतं रे.

वाटलं, सांजच्याला येशील नि सांगशील. तू हार घालून आलास. मी पेंढ्याचं काढलं, म्हटलं इथनं तरी बोलशील. तू जेवलास नि झोपलास. मग म्हटलं उद्या सांगशील. मग म्हटलं जपानला जायच्या आधी सांगशील. त्या दिशी थांब्यावर आलो असतो, तर तू लोकांसमोर पाया पडून निघून गेला असतास नि ते तसंच ऱ्हायलं असतं. म्हणून नाय आलो.

(इथे मी दिवा पुढे केला.)

मी तुज्यावर रुसलो नव्हतो. वाट बगत व्हतो. दीड वरीस व्हत आलं.

आता सांगितलंस. आता घाई नाय. त्या म्हाताऱ्याकडनं समदं शिकून घे नि सावकाश ये.